एक दुकान, तीन दर : बिल वाचायला शिका



पेरणी तोंडावर आली की आपण लोह्याच्या बाजारात जातो. कृषी सेवा केंद्रातून बियाणे घेतो, खत घेतो, फवारणीचे औषध घेतो. दुकानदार संगणकावर बोटे चालवतो आणि यंत्रातून लांबलचक कागद बाहेर पडतो. आपण शेवटचा आकडा पाहतो, पैसे मोजतो किंवा उधारीत मांडायला सांगतो आणि कागदाची घडी करून खिशात घालतो. मधले आकडे कोणी वाचत नाही. ते वाचणे अवघड आहे अशी समजूत आहे, म्हणून वाचत नाही.

ते अवघड नाही. ज्याला पायलीचा हिशेब येतो, अडत्याची पट्टी कळते, त्याला हे बिलही कळेल. आज आपण तेवढेच शिकणार आहोत. घरात दहावी-बारावी शिकलेला मुलगा-मुलगी असेल तर त्यांना शेजारी बसवा. कदाचित उद्या तेच असे दुकान चालवतील. त्यांच्यासाठीही चार गोष्टी पुढे सांगितल्या आहेत.

टक्का दुकानाला नसतो, मालाला असतो

पुष्कळांना वाटते, की दुकानाला एक कर लागू असतो आणि तो सगळ्या बिलावर लागतो. तसे नाही. १ जुलै २०१७ पासून देशात वस्तू व सेवा कर, म्हणजे जीएसटी आहे. या कराचा टक्का प्रत्येक मालाला वेगळा आहे. एकाच कृषी सेवा केंद्रात तीन दर शेजारी शेजारी नांदतात.

पेरणीच्या बियाण्याला कर नाही. खुरपे, विळा, कुदळ, फावडे या हाताच्या अवजारांनाही नाही. रासायनिक खताला ५ टक्के. सूक्ष्म अन्नद्रव्यांना २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के, त्याआधी १२ टक्के होता. ट्रायकोडर्मा किंवा कडुनिंबापासून केलेली काही ठरावीक जैविक औषधेही त्याच दिवसापासून १२ वरून ५ वर आली. ठिबक आणि तुषार संचाचेही तसेच. रासायनिक कीटकनाशकाला मात्र १८ टक्के होते आणि १८ टक्केच राहिले.

आता आपल्या रोजच्या सोयाबीनचे उदाहरण घ्या. पेरणीचे बियाणे म्हणून आलेले सोयाबीन करमुक्त. तेच सोयाबीन व्यापाऱ्याने तेलाच्या कारखान्याला विकले की ५ टक्के. दाणा तोच, पण काम वेगळे म्हणून टक्का वेगळा. ओल्या हळदीला कर नाही, वाळवलेल्या हळदीला ५ टक्के. सुटी तूरडाळ करमुक्त. तीच डाळ २५ किलोपर्यंतच्या पिशवीत भरून, वर वजन-किमतीची चिठ्ठी लावून विकली की ५ टक्के. हा नियम १८ जुलै २०२२ पासून आहे.

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतही हा भेद दिसेल. बैल, गाय, गाढव या जिवंत जनावरांना कर नाही. घोड्याला आहे. पूर्वी १२ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के. अर्थात विकणारा नोंदणी असलेला व्यापारी असेल तरच. म्हणजे यात्रा एक, पण बैलाचा हिशेब निराळा आणि घोड्याचा निराळा.

पूर्वी हे वहीत होते

दरांचा हा गुंता काही आजचा नाही. आपला मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. संस्थान भारतात आल्यावर इथे १९५० चा हैदराबादचा विक्रीकर कायदा लागू होता. १९५६ साली आपण मुंबई राज्यात आलो आणि पुढे १९५९ चा मुंबई विक्रीकर कायदा आला. महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ पासून मूल्यवर्धित कर, म्हणजे व्हॅट, सुरू झाला. प्रत्येक वेळी मालाच्या याद्या बदलल्या, टक्के बदलले. जुना दुकानदार ते टक्के डोक्यात ठेवी, नाहीतर गल्ल्यामागे तक्ता टांगून ठेवी. चूक झाली तर वहीत खाडाखोड दिसे.

आता तक्ता यंत्राच्या पोटात गेला. खाडाखोड दिसत नाही. छापील कागद दिसला, की तो बरोबरच असणार असे आपण धरून चालतो. पण यंत्राला अक्कल नसते. माणसाने जो टक्का भरला तोच ते छापते. एकदा चुकीचा भरला तर हजार बिलांवर न थकता तीच चूक छापते.

देशोदेशी ही अडचण निरनिराळ्या रूपाने आहे. अमेरिकेत राज्याराज्याचा, काही ठिकाणी जिल्ह्याचा आणि शहराचाही विक्रीकर वेगळा असतो. ओरेगॉन राज्यात तो मुळीच नाही. तिथे फळीवर लिहिलेल्या किमतीत कर धरलेला नसतो, तो गल्ल्यावर वाढतो. त्यामुळे तिथल्या यंत्राला आधी गावाचा पत्ता लागतो. आपल्याकडे जीएसटीचा टक्का लोह्यात, लातूरला आणि सीमेपलीकडे निजामाबादला एकच आहे. आपल्या यंत्राला दोनच गोष्टी नीट कळाव्या लागतात : माल कोणता आणि तारीख कोणती. (डिझेल-पेट्रोल अजून जीएसटीत नाही. त्यावर राज्याचा वेगळा कर आहे, म्हणून सीमा ओलांडली की डिझेलचा भाव बदलतो.)

एक बिल मांडून पाहू

समजा तुम्ही पुढील माल घेतला. आकडे समजण्यापुरते आहेत.

सोयाबीन बियाण्याची पिशवी २६०० रुपये. युरियाच्या दोन गोण्या, ४५ किलोची एक गोणी २६६ रुपये ५० पैशांना, म्हणजे ५३३ रुपये. कीटकनाशकाची बाटली ५९० रुपये. सूक्ष्म अन्नद्रव्याचा पुडा २१० रुपये. खुरपी ८० रुपयांची. बेरीज ४०१३ रुपये.

यात कर किती? इथे एक युक्ती ध्यानात ठेवा. छापील किमतीत कर आधीच धरलेला असतो. म्हणून ५९० चे १८ टक्के काढायचे नाहीत. तसे काढले तर १०६ रुपये २० पैसे येतात आणि ते चूक आहे. ५९० ला ११८ ने भागा आणि १८ ने गुणा. उत्तर ९० येते. म्हणजे बाटलीची मूळ किंमत ५०० आणि कर ९०. पाच टक्क्यांच्या मालाला १०५ ने भागा आणि ५ ने गुणा. पुड्यात कर १० रुपये, युरियाच्या दोन गोण्यांत २५ रुपये ३८ पैसे. बियाणे आणि खुरप्याला शून्य. सगळा मिळून कर १२५ रुपये ३८ पैसे.

बिलावर हा कर दोन निम्म्यांत छापतात. निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा. १८ टक्के असेल तर ९ आणि ९ दिसतील, ५ असेल तर अडीच आणि अडीच. दोन वेळा कर लावला, असे समजून घाबरू नका.

आता समजा यंत्रात सगळ्या मालाला सरसकट १८ टक्के भरले आहेत. मग त्याच ४०१३ रुपयांत कर ६१२ रुपये १५ पैसे दिसेल. छापील किमतीला माल दिला असेल तर तुमचे जास्त पैसे गेले नाहीत. दुकानदार मात्र आपल्या नफ्यातून नको तो कर भरील, कारण कर म्हणून जेवढा बिलावर दाखवला तेवढा सरकारात भरावाच लागतो. उलट सगळ्याला ५ टक्के भरले असतील तर बाटलीवरचा कर कमी जाईल. पुढे तपासणीत तो निघाला की व्याजासह भरणे आले. त्यात दुकान बुडते, उधारीवर माल देणारा दुकानदार हात आखडतो आणि शेवटी त्याची झळ आपल्यालाच लागते. म्हणून दुकानदाराची चूक दाखवून देण्यात दोघांचेही हित आहे.

छापील किंमत नसलेल्या मालाचे वेगळे आहे. सिमेंट, लोखंड, पाइप असा माल घेताना दुकानदार पुष्कळदा भाव सांगून “टॅक्स वेगळा” म्हणतो. तिथे चुकीचा टक्का थेट तुमच्या खिशातून जातो. भाव ठरवतानाच विचारा, “करासकट किती?” आणि टक्का कोणता तेही विचारून घ्या. सिमेंट २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आले आहे. ट्रॅक्टरचे टायर १८ वरून ५ वर आले आहेत.

टक्का उतरला, किंमत उतरली का?

टक्के रात्रीतून बदलतात. जीएसटी सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, ३० जून २०१७ ला, खतावरचा ठरलेला १२ टक्के कर कमी करून ५ करण्यात आला. मध्यरात्री नवा कायदा लागू झाला. त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला पावणेदोनशेच्या वर वस्तू २८ वरून १८ टक्क्यांवर आल्या. अलीकडचा मोठा बदल ३ सप्टेंबर २०२५ ला ठरला आणि २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, लागू झाला. दुकानदारांना तीन आठवडेही मिळाले नाहीत. त्याच महिन्यात मराठवाड्यात अतिवृष्टीने पिके पाण्याखाली होती. साबणाच्या किमतीकडे पाहायला कोणाला सवड होती?

पण इथेच एक बारीक गोष्ट आहे आणि ती घरातल्या बायकांनी विशेष ध्यानात घ्यावी, कारण किराणा बहुधा त्यांच्या हातात असतो.

समजा एखादी वस्तू ११८ रुपयांना होती. मूळ किंमत १०० आणि १८ टक्क्यांनी कर १८. कर ५ टक्के झाला तर ती १०५ ला मिळायला हवी. आता दुकानदाराने यंत्रात टक्का बदलला, पण किंमत ११८ तशीच ठेवली. यंत्र निमूटपणे उलटा हिशेब करते आणि बिलावर छापते : मूळ किंमत ११२ रुपये ३८ पैसे, कर ५ रुपये ६२ पैसे. बिल बरोबर दिसते. टक्काही नवा, बरोबर दिसतो. तुमचे १३ रुपये मात्र जास्त गेले.

जुना माल जास्त कर देऊन घेतला होता, असे दुकानदार म्हणेल. पण नोंदणी असलेल्या नेहमीच्या दुकानदाराने खरेदीवर दिलेला कर त्याला विक्रीच्या करातून वळता करून मिळतो. म्हणून त्या कारणाने त्याचे नुकसान होत नाही. पुष्कळ वेळा हे लबाडीने झालेले नसते. यंत्रात टक्का आणि किंमत या दोन वेगळ्या जागा आहेत आणि त्याने एकच बदललेली असते. गोडीने विचारा. ऐकलेच नाही तर राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक १९१५ आहे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून अंगाचा साबण, दंतमंजनाची पेस्ट, केसांचे तेल, शाम्पू, बिस्किटे ही १८ वरून ५ टक्क्यांवर आली. तूप आणि लोणी १२ वरून ५ वर. मुलांच्या वह्या आणि पेन्सिली १२ वरून शून्यावर. सायकल १२ वरून ५ वर. बाटलीतल्या फसफसणाऱ्या थंड पेयांना मात्र ४० टक्के. सुटी ज्वारी, सुटा गहू, सुटा तांदूळ यांना पूर्वीही कर नव्हता, आताही नाही.

दुकान चालवणाऱ्या मुलांसाठी

गावोगावी शिकलेली मुले आता कृषी सेवा केंद्र किंवा किराणा दुकान काढतात. त्यांनी यंत्र लावून घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट, टक्का दुकानाला किंवा कंपनीला लावू नका, मालाला लावा. एकाच कंपनीचे खत ५ टक्क्यांत आणि कीटकनाशक १८ टक्क्यांत असते. पुरवठादाराच्या बिलावर प्रत्येक मालाचा सांकेतिक क्रमांक असतो, त्यावरून टक्का पडताळून घ्या. नुसत्या नावावर जाऊ नका. “टॉनिक” या एकाच नावाखाली निरनिराळ्या जातीचा माल विकला जातो.

दुसरी गोष्ट, टक्क्यासोबत तारीख भरा. नवा टक्का कोणत्या दिवसापासून लागू, हे यंत्राला सांगता आले पाहिजे. जुना टक्का पुसून नवा लिहिला तर काही यंत्रे जुनी बिलेही नव्या टक्क्याने उघडतात आणि मग महिन्याचा हिशेब जुळत नाही. गिऱ्हाईक जुनी बाटली परत घेऊन आले, तर ज्या दिवशी विकली त्या दिवसाच्या टक्क्याने पैसे परत करायचे, आजच्या नाही.

तिसरी गोष्ट, किंमत करासकट की करावेगळी, हे प्रत्येक मालाला ठरवून ठेवा. छापील किमतीचा माल करासकट धरला नाही, तर यंत्र छापील किमतीवर पुन्हा कर चढवील. तसे पैसे घेणे हा गुन्हा आहे.

चौथी गोष्ट, पैशाच्या भागाची. युरियाच्या एका गोणीत कर १२ रुपये ६९ पैसे. त्याचे दोन भाग केले, की यंत्र ६ रुपये ३५ पैसे दोनदा छापते आणि १२ रुपये ७० पैसे होतात. एका पैशाचा फरक पडला. म्हणून बिलाच्या शेवटी पैशांची पूर्णांकात जुळवणी दाखवणारी वेगळी ओळ असू द्या. ती नसली की वर्षाअखेर हिशेबनीस डोके धरून बसतो.

पाचवी गोष्ट, निरनिराळ्या टक्क्यांचा माल एका किमतीत बांधून विकू नका. बियाणे आणि औषध यांचा एकच संच करून एका किमतीला विकला, तर कायद्याने सबंध संचाला त्यातला सर्वांत मोठा टक्का लागतो. करमुक्त बियाण्यावर १८ टक्के कशाला ओढवून घ्यायचे? वेगळे मांडा, वेगळी किंमत लावा.

आणि दुकान लहान असून ठोक कराच्या योजनेत असेल, तर गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेता येत नाही. बिलावर तसे लिहावे लागते. अशा दुकानाच्या बिलावर ९ आणि ९ दिसले तर काहीतरी चुकले आहे.

शेतकऱ्याचा टक्का परत येत नाही

आता सगळ्यात महत्त्वाचे. व्यापारी जो कर देतो तो पुढच्या विक्रीतून वळता करून घेतो. कारखानदाराचेही तसेच. शेतकऱ्याचे तसे नाही. आपल्या रानातला माल विकायला शेतकऱ्याला जीएसटीची नोंदणी करावी लागत नाही. ही सवलत चांगली आहे, कटकट वाचते. पण नोंदणी नाही म्हणून खत-औषधावर दिलेला कर वळता करून घेण्याची सोयही नाही. ५९० च्या बाटलीतले ९० रुपये सोयाबीनच्या भावातून निघाले तर निघाले. साखळीच्या शेवटी आपण उभे आहोत. म्हणून बिलातला टक्का आपणच सगळ्यांत नीट वाचायला हवा.

विकतानाही एक गोष्ट ध्यानात ठेवा. शेतकऱ्याकडून कापूस घेणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याने त्यावरचा ५ टक्के कर स्वतः सरकारात भरायचा असतो. तो तुमच्याकडून घ्यायचा नसतो. पट्टीत त्या नावाने कपात दिसली तर तिथेच थांबा आणि विचारा.

काही दुकानांत सांगतात, “पक्के बिल घेतले तर १८ टक्के जास्त लागतील.” छापील किमतीच्या मालाला हे साफ खोटे आहे. कर किमतीतच आहे. बिल घेतले नाही म्हणून तुमचे पैसे वाचत नाहीत. तुम्ही दिलेला कर सरकारात जायचा तो तिथेच राहतो. शिवाय बियाणे उगवले नाही, खतात भेसळ निघाली, औषधाने पीक करपले, तर तक्रार कशाच्या जोरावर करणार? बियाण्याच्या १९८३ च्या आणि खताच्या १९८५ च्या नियंत्रण आदेशाने विक्रेत्याने पावती देणे बंधनकारक केले आहे, मग विक्री रोख असो की उधार. नोंदणी असलेल्या दुकानदाराला वेगळे बिल न देण्याची सवलत फक्त दोनशे रुपयांच्या आतल्या खरेदीला आणि तुम्ही मागितले नाही तरच आहे. खताला अंगठा लावून यंत्राची पावती मिळते ती आणि दुकानाचे बिल, दोन्ही जपून ठेवा.

यंदाच्या हंगामात एवढे करा. बिल हातात आले की दुकानातच चार गोष्टी पाहा. बियाण्यापुढे शून्य आहे का? खतापुढे अडीच आणि अडीच आहेत का? एकूण रक्कम छापील किमतींच्या बेरजेपेक्षा जास्त तर नाही ना? बिलावर तारीख, दुकानाचे नाव, मालाचा गट क्रमांक आणि तुमचे नाव आहे का? दोन मिनिटांचे काम आहे. मग ते बिल सातबारा आणि बँकेच्या पुस्तकाबरोबर एका पिशवीत ठेवा. हंगाम संपल्यावर घरातल्या मुलांकडून सगळ्या बिलांतला कर एकत्र करून घ्या आणि तो लागवडीच्या खर्चात मांडा. एकरी खर्चाचा खरा आकडा त्याशिवाय निघत नाही.